ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी120एक्सयूएसबी: यंत्र उत्तम, यूएसबी बेताचं

जुन्या रेकॉर्डी संगणकात उतरवायच्या म्हणून ‘यूएसबीवाला’ प्लेयर शोधायला लागलं की बाजारात दोन टोकं दिसतात. एकीकडे सुटकेससारखे, अंगचेच स्पीकर असलेले स्वस्त प्लेयर, ज्यांची सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) पाच-सहा ग्रॅम वजनाने एलपीच्या खाचेवर बसते. दुसरीकडे यूएसबीच नसलेले महागडे प्लेयर. हा एलपी120एक्स मधल्या जागेत बसतो. पण मराठी घरातल्या संग्रहासाठी त्याचा विचार करायचा तो यूएसबीमुळे नाही, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगामुळे. माळ्यावरच्या ट्रंकेत एलपी आणि ईपी असतातच, पण खाली जाड, जड, लाखेच्या नाट्यपदांच्या तबकड्याही निघतात. त्याच कंपनीच्या धाकट्या एलपी60एक्सयूएसबीवर 33⅓ आणि 45 हे दोनच वेग आहेत, म्हणजे या तबकड्यांपुरता तो बाद.

आधी यंत्राबद्दल. मोटर थेट तबकाला जोडलेली आहे, पट्टा नाही. वेग क्वार्ट्झवर बांधलेला असतो आणि वीज बाहेरच्या 12 व्होल्टच्या अडॅप्टरमधून येते, त्यामुळे व्होल्टेज खालीवर झालं तरी गाणं लडखडत नाही. 33 आणि 45 ची बटणं एकदम दाबली की 78 सुरू होतो. बरेच जण तिसरं बटण शोधत बसतात, ते नाहीच. प्लेयर पूर्णपणे हातचा आहे. बाजू संपली की सुईची दांडी आपोआप उचलली जात नाही आणि सुई शेवटच्या वर्तुळात खर्र खर्र करत फिरत राहते. रेकॉर्डिंग लावून बाजारात जाण्याची सोय नाही.

सोबत एटी-व्हीएम95ई ही कार्ट्रिज येते. तिचं खाचेवरचं वजन 2 ग्रॅम ठेवायचं, 1.8 ते 2.2 चालतं. या मालिकेचा खरा फायदा असा की कार्ट्रिजचं अंग तेच ठेवून फक्त पुढची सुई ओढून बदलता येते. 78 साठी एटी-व्हीएमएन95एसपी ही सुई वेगळी घ्यावी लागते, आणि ती घेतल्याशिवाय 78 चं बटण असून नसल्यासारखंच. एलपीची सुई टोकाला 0.3 बाय 0.7 मिल असते आणि 78 ची 3 मिल. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बारीक सुई लाखेच्या रुंद खाचेत घातली तर ती भिंतींना न टेकता तळाशी घरंगळते. तिथे साचलेली धूळ आणि झिजेचा भुगा ती वाचते, गाणं कमी आणि वाळू जास्त ऐकू येते. सुईचीही वाट लागते.

एसपी सुईचं वजन 5 ग्रॅम (4.5 ते 5.5). दांडीमागच्या वजनावरच्या आकड्यांवर विसंबू नका, सुईचं वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्या. आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: 78 चं काम संपलं की आधी वजन 2 ग्रॅमवर आणायचं, मगच एलपीची सुई लावायची. उलटं झालं आणि व्हीएम95ईवर 5 ग्रॅम राहिले, तर सुईची नाजूक नळी वाकते आणि पहिली एलपी खरवडली जाते. अशा सुया ‘कंपनीतूनच खराब आल्या’ म्हणून परत जातात, पण दोष कंपनीचा नसतो.

मांडणीत फार काही नाही. प्लेयर समतल ठेवा. पाय फिरवून उंची जुळवता येते. मागचं वजन फिरवून दांडी तरंगती करा, त्यावरची आकड्यांची रिंग शून्यावर आणा, मग वजन द्या आणि काट्यावर तपासा. अँटीस्केट (दांडीची आतली ओढ तोलणारं बटण) वजनाइतकाच, म्हणजे 2. सोबतची फेल्टची चकती मात्र बाजूला ठेवून रबरी चकती घ्या. कोरड्या हवेत फेल्ट रेकॉर्डला चिकटून वर येतं, आणि त्याचे धागे सुईला लागतात ते वेगळेच. स्पीकर त्याच टेबलावर नकोत. त्यांची थरथर सुईत शिरते आणि रेकॉर्डिंगमध्ये एक घुमणारा गुरगुराट बसतो, जो नंतर निघत नाही. रेकॉर्ड करताना हेडफोनवर ऐका.

आता संगणक. केबल एका बाजूला चौकोनी यूएसबीची, दुसऱ्या बाजूला नेहमीची. मध्ये हब न घालता थेट लॅपटॉपला लावा. हबमधून मध्येच आवाज तुटतो आणि ते बाजू संपेपर्यंत कळत नाही. वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजमध्ये प्लेयर बहुधा ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ अशा नावाने दिसतो, आणि तेही मायक्रोफोन म्हणून. इथे तीन गोष्टी हमखास अडतात. पहिली: प्लेयर लावताच लॅपटॉपचा स्वतःचा आवाज बंद होतो, कारण विंडोज हे नवं यंत्र ऐकण्यासाठीही मुख्य धरतं. आउटपुट परत लॅपटॉपच्या स्पीकरवर आणा. दुसरी: ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या मोफत प्रोग्राममध्ये रेकॉर्डिंग सुरू होतं पण रेघ सरळच राहते. तेव्हा विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप अ‍ॅपना मायक्रोफोनची परवानगी आहे का ते पाहा; मॅकवरही अशीच परवानगी मागितली जाते. तिसरी: स्टिरिओ एलपी मोनो होऊन येते. ध्वनी सेटिंगमधल्या रेकॉर्डिंगच्या यादीत जाऊन त्या यंत्राच्या प्रगत पर्यायांत ‘2 चॅनल, 16 बिट, 44100 हर्ट्झ’ निवडा आणि ऑडॅसिटीतही दोन चॅनल व 44100 ठेवा. दोन्हीकडचा आकडा सारखा असू द्या. प्लेयर अँप्लिफायरवरूनही ऐकत असाल तर ऑडॅसिटीतली रेकॉर्ड करतानाच ऐकवणारी सोय (जुन्या आवृत्त्यांत ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’) बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक ओळ किंचित उशिराने पुन्हा ऐकू येते.

आणि आता यूएसबीबद्दलची तक्रार. आतला रूपांतरक (आवाजाचे आकडे करणारा भाग) 16 बिटचा आहे, 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झ. नुसत्या आकड्यांत हे पुरेसं आहे: 16 बिटला सुमारे 96 डेसिबलची जागा मिळते आणि विनाइल रेकॉर्डला तेवढी लागतही नाही. खरी अडचण अशी की यूएसबीकडे जाणारी पातळी कमीजास्त करायला यंत्रावर बटणच नाही. जोरात कापलेली एखादी चित्रपटगीतांची ईपी लावली तर शिखरं आतच कापली जाऊ शकतात. विंडोजमधला मायक्रोफोनचा स्लायडर खाली ओढून उपयोग नाही. तो कापून आलेल्या लाटेला फक्त बुटकी करतो. ओळखायची खूण: शिखरं शून्य डेसिबलला पोचलेली नाहीत, तरी मोठं करून पाहिलं की लाटेचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसतात. रेकॉर्डमधला सगळ्यात जोरदार तुकडा आधी वाजवून पाहा. माथे गोल असतील आणि शिखर उणे 6 डेसिबलच्या आसपास असेल, तर यूएसबीने खुशाल काम करा. साध्या एलपीसाठी ते पुरतं.

पण याच यंत्राला मागे लाइन आउटही आहे, आणि चांगलं काम करायचं तर रस्ता तो. बेरिंजर यूएमसी202एचडी किंवा फोकसराइट स्कार्लेट 2आय2 असं 24 बिटचं ऑडिओ इंटरफेस (आवाजाचे आकडे करून संगणकाला देणारा बाहेरचा डबा) घ्या, प्लेयरमागचा स्विच ‘लाइन’वर ठेवा (म्हणजे सुईचा क्षीण आवाज वाढवणारा, आतला फोनो-प्रीअँप चालू) आणि आरसीए केबल इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये जोडा (टोकाला 6.35 मिमीचे कन्व्हर्टर लागतील). आता पातळीचं बटण तुमच्या हातात आलं. शिखर उणे 10 च्या आसपास ठेवा आणि निर्धास्त राहा.

त्या स्विचमुळे होणारा घोटाळा इतका नेहमीचा आहे की तो वेगळा सांगायलाच हवा. प्लेयर ‘लाइन’वर आणि पुढचं यंत्र फोनो इनपुटवर असेल तर आवाज दोनदा वाढवला जातो: फाटका, बोंबलणारा, खर्जाने भरलेला. उलट प्लेयर ‘फोनो’वर आणि पुढे साधं लाइन इनपुट असेल तर आवाज दूरच्या खोलीतून आल्यासारखा बारीक आणि पातळ, तबल्याचा डग्गा गायबच. फोनो-प्रीअँप साखळीत एकदाच हवा.

घरी आधीच चांगल्या कार्ट्रिजचा जुना प्लेयर असेल आणि संग्रह फक्त एलपीचा असेल, तर हे यंत्र घेऊ नका. बेरिंजरचं यूएफओ202 हे काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं इंटरफेस पुरतं. त्यात फोनो-प्रीअँप आहे, अर्थची तार जोडायला जागा आहे, 16 बिट आणि 48 किलोहर्ट्झपर्यंत जातं. अर्थची तार जोडायला विसरलात तर 50 हर्ट्झचा घुंऽऽ असा आवाज येईल. तार जोडूनही तो राहिला तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आपल्याकडच्या अनेक घरांत प्लगला तिसरा पाय असतो पण त्यामागे अर्थिंग नसतं. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवताना झिणझिण्या येत असतील तर गुन्हेगार तोच. बॅटरीवर रेकॉर्ड करा, घरघर जाते.

78 च्या तबकड्या हा वेगळाच प्रांत, आणि तिथे यंत्राची दुसरी मर्यादा दिसते. रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त करून कापतात. वाजवताना प्रीअँप त्याचं नेमकं उलटं करतो. या कमीजास्तीचा आरआयएए हा आलेख 1954 मध्ये ठरला, आणि या प्लेयरच्या प्रीअँपला तेवढाच येतो. आपल्या नाट्यपदांच्या तबकड्या बहुतेक त्याआधीच्या. त्या काळच्या विजेच्या ध्वनिमुद्रणात, विशेषतः एचएमव्हीच्या घराण्यात, वरचे स्वर फारसे वाढवलेले नसत. प्रीअँप मात्र ते वाढवलेले आहेत असं धरून 10 किलोहर्ट्झला जवळपास 14 डेसिबल खाली ओढतो. म्हणून तबकडी ‘घोंगडीखालून’ ऐकू येते आणि दोष बिचाऱ्या तबकडीला दिला जातो.

ऑडॅसिटीच्या ‘फिल्टर कर्व्ह ईक्यू’मध्ये हे बरंचसं सुधारता येतं. 250 हर्ट्झपासून खाली वळणारा, वर सपाट असा आलेख धरला तर दुरुस्तीचे आकडे साधारण असे येतात: 50 हर्ट्झला उणे 3 डेसिबल, 100 ला उणे 5, 200 ला उणे साडेचार, 500 ला उणे 2, 1000 ला शून्य, 2000 ला अधिक अडीच, 5000 ला अधिक 8. त्यावर हिशेबाने आणखी चढायला हवं, पण लाखेच्या तबकडीत तिथे गाणं थोडं आणि खरखर फार, म्हणून साधारण 7-8 किलोहर्ट्झनंतर आलेख खाली सोडून द्या. हा आलेख एकदा जपून ठेवला की प्रत्येक तबकडीला लावता येतो. कंपनी आणि काळ यांप्रमाणे तो बदलतो, तेव्हा शेवटी कान प्रमाण. 1925 च्या आधीचं ध्वनिमुद्रण भोंग्यासमोर गाऊन केलेलं. त्यात वीजच नव्हती, त्यामुळे असा कुठलाच ठरलेला आलेख नाही. तिथे पेटी पेटीसारखी वाटेपर्यंत हाताने जुळवायचं.

वेगही 78 च असेल असं धरून चालू नका. जुन्या तबकड्या थोड्या मंद किंवा जलद कापलेल्या सापडतात. इथे या प्लेयरचा पिच-स्लायडर (वेग थोडा कमीजास्त करणारी पट्टी) कामाला येतो: क्वार्ट्झ-लॉक सोडा, 8 टक्क्यांची मर्यादा निवडा. पेटीची लगतची पट्टी म्हणजे वेगात जवळपास 6 टक्के, म्हणजे एवढी मर्यादा पुरेशी आहे. गायकाचा सा काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामध्ये लोंबकळत असेल, तर वेगाचा संशय घ्यायला हरकत नाही. पण त्या काळातली पेटी आजच्या पट्टीला जुळलेली असेलच असंही नाही. गळा ‘चिमणा’ किंवा ‘जाडा’ वाटतो का, ही खूण जास्त खरी.

78 ची तबकडी मोनो असते, खाच फक्त आडवी हलते. तरी रेकॉर्डिंग स्टिरिओतच करा आणि नंतर दोन्ही चॅनल मिळवून मोनो करा. उभ्या हालचालीतून येणारी बरीच खरखर त्या मिळवणीतच कापली जाते, एकही फिल्टर न लावता. खाचेची एक भिंत जास्त झिजलेली असेल तर मिळवणी न करता चांगला चॅनल तेवढा ठेवा. एचएमव्हीच्या एलपींनाही हे लागू आहे: क्रमांक ईसीएलपीने सुरू होत असेल तर ती मोनो, ईसीएसडीने सुरू होत असेल तर स्टिरिओ.

लावण्याआधी धुणं. यात एकच चूक अशी आहे की जी परत फिरवता येत नाही: लाखेच्या तबकडीला अल्कोहोल. रेकॉर्ड क्लिनर म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच द्रवांत ते असतं, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. खाचेसकट. 78 साठी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल. लगेच साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून कोरडी करा. भिजत घालू नका, काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो आणि तो फुगतो. लेबल कोरडं ठेवा. विनाइलला हीच रीत चालते, आणि तिथे थोडं आयसोप्रोपिल घातलं तरी बिघडत नाही. मुंबई-कोकणातल्या संग्रहात पावसाळ्यानंतर पांढुरकी बुरशी असते. ती कोरड्या फडक्याने घासली तर खाचेत आणखी दाबली जाते, म्हणून आधी पाणी.

रेकॉर्ड करताना सुई टेकवण्याच्या तीन-चार सेकंद आधी बटण दाबा आणि बाजू अखंड घ्या, गाण्यागाण्याला थांबू नका. सुरुवातीच्या रिकाम्या खाचेचा सेकंद-दीड सेकंद ‘नॉइज रिडक्शन’ला नमुना म्हणून लागतो. त्यात 12 डेसिबलचा आकडा आपल्या संगीताला जड पडतो. तंबोऱ्याची वरची झुणझुण खरखरीइतकीच हळू असते, ती तिच्याबरोबर निघून जाते, आणि मागे पाण्याच्या बुडबुड्यांसारखा आवाज राहतो. 6 वर आणा. ‘क्लिक रिमूव्हल’चंही तसंच: तबल्याच्या किनारीवरचा ‘ना’ हा त्याला ओरखडाच वाटतो. पूर्ण बाजूला लावून द्रुत तीनताल ऐकलात तर तबलजीने हातमोजे घातले आहेत असं वाटेल. आलाप आणि मधल्या शांत जागांपुरतंच ते लावा. ठळक टक्‌ असेल तिथे इतकं मोठं करून बघा की लाटेवरचा एकेक ठिपका दिसेल, तो काटा निवडा आणि ‘रिपेअर’ द्या. एका वेळी 128 ठिपक्यांपर्यंतच चालतं, पण शेजारच्या स्वराला धक्का लागत नाही.

गाणी वेगळी करायला कंट्रोल-बी दाबून खुणा घाला, नावं देवनागरीत लिहा, आणि एक्सपोर्ट करताना खुणांप्रमाणे फायली तोडायला सांगा. शांतता शोधून आपोआप खुणा घालणारं साधन आहे, पण ख्यालाच्या रेकॉर्डवर ते विलंबित लयीतल्या जागांनाही गाणं संपलं समजतं. अगदी जुन्या तबकड्यांत शेवटी गायक स्वतःचं नाव सांगत. 1902 मध्ये कोलकात्यात मुद्रित झालेल्या गौहर जानच्या तबकड्यांवरचं ‘माय नेम इज गौहर जान’ प्रसिद्धच आहे. ते कचरा समजून कापू नका.

जागेचा हिशेब सोपा आहे. 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचा स्टिरिओ वेव्ह मिनिटाला सुमारे 10 एमबी, म्हणजे 22 मिनिटांची बाजू 230 एमबीच्या आसपास. फ्लॅकमध्ये ती साधारण निम्मी होते आणि आवाजात काही गमावत नाही. काहीही न केलेली मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा, साफ केलेली वेगळी, आणि एमपी3 फक्त फोनसाठी. सोबत लेबलाचा फोटो आणि शेवटच्या खाचेजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक लिहून ठेवा; लेबलावरचं नाव चुकलेलं असू शकतं, हा क्रमांक त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा असतो. यूट्यूबवर चढवायचा विचार असेल तर भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षं चालतो, आणि कवी-संगीतकारांचे हक्क त्याहून वेगळे मोजले जातात.

घ्यायचाच असेल तर खोक्याबाहेरच्या वस्तूंचे पैसे आधीच धरा: 78 ची सुई, वजनाचा काटा, रबरी चकती, आणि जमलं तर 24 बिटचं इंटरफेस. सोबतच्या व्हीएम95ईचं आयुष्य कंपनी 300 तास सांगते, म्हणजे पाऊण तासाच्या सुमारे 400 एलपी. एसपीचं 500 तास. वहीत तास लिहीत चला. ‘स’ आणि ‘श’ फाटायला लागले की सुई बदलायची वेळ टळून गेलेली असते, आणि मधल्या काळात उतरवलेल्या रेकॉर्डी पुन्हा उतरवाव्या लागतात.